पहाटेच्या थंडीचे पांघरूण

नरकासुर जाळून, अभ्यंगस्नान करून, पोहे खाऊन झाले की थंडी सुरू, असे आपल्या लहानपणी म्हणत. हल्ली ती दिवाळीला येत नाही. डिसेंबरपर्यंत वाट पाहायला लावते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर निघूनही जाते. एवढ्या दोन-अडीच महिन्यांसाठी काय लिहायचे, असे कोणालाही वाटेल. पण मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणाऱ्या सात-आठ कुटुंबांनी आम्हाला विचारले आहे, "शेवटी तुम्ही रजई कुठली घेतलीत?" आमच्या घरात घडलेला एक प्रसंग बऱ्याच जणांच्या कानावर आहे, म्हणून हा प्रश्न. तो प्रसंगच आधी सांगून टाकतो.

आम्ही दोघे पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो. मूळ घर डिचोली तालुक्यात, चिऱ्याच्या भिंतींचे, कौलारू. आई तिथेच राहते, वय ८६. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे आमचे बरेचसे दिवस तिच्याकडेच जातात. तीन वर्षांपूर्वी तिला थंडी बाधू नये म्हणून आम्ही ऑनलाइन एक भारी कम्फर्टर मागवला. डबल बेडचा, ४०० जीएसएमचा, हाताला मखमलीसारखा मऊ. किंमत साडेतीन हजार. पहिल्या रात्री आई खूश. आठवड्याभरात तक्रारी सुरू झाल्या. रात्री घाम येतो म्हणून ती तो दूर सारी, पहाटे गारठे, आणि ते धूड परत अंगावर ओढून घ्यायला हातात बळ नसे. आम्हाला वाटले, म्हातारपणाचा हट्ट. सवय होईल, म्हटले.

जानेवारीत एका पहाटे न्हाणीकडे जायला ती उठली, खाटेवरून जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या त्या कम्फर्टरमध्ये तिचा पाय अडकला आणि ती पडली. देवाची कृपा, हाड मोडले नाही. मनगट सुजले आणि कमरेचे दुखणे महिनाभर पुरले. पण त्या वयात पडणे म्हणजे काय, हे घरात म्हातारे माणूस असलेल्यांना वेगळे सांगायला नको. हट्ट तिचा नव्हता, आमचा होता. त्यानंतर आम्ही या विषयाच्या मागे लागलो. दुकाने फिरलो, पुड्यांवरचे बारीक अक्षर वाचले, दोन्ही घरांत भिंतीवर थर्मामीटर लावून नोंदी ठेवल्या. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला वहीत आकडे उतरवल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला इलाज नाही.

पहिली गोष्ट कळली ती ही की आपण थंडी चुकीची समजतो. पणजीला जानेवारीतले सरासरी किमान तापमान २० अंश सेल्सियसच्या आसपास असते. डिचोली-सत्तरीसारख्या आतल्या भागात पारा त्याखाली उतरतो. आमच्या गावच्या खोलीत रात्री दहाला २५ अंश असत आणि पहाटे साडेपाचला २०. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये त्याच वेळांना २७ आणि २५. कारण उघड आहे. स्लॅब आणि सिमेंटच्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ती ऊब खोलीत सोडत राहतात. कौलांच्या फटींतून मात्र उकाडा लवकर निघून जातो आणि मागोमाग दंवाचा गारवा उतरतो. एकाच कुटुंबाची दोन घरे, पण एकाच रात्रीची थंडी दोन प्रकारची.

यात आणखी एक भर पडते. झोपेत आपल्या शरीराचे तापमान हळूहळू उतरते आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सर्वांत खाली असते. म्हणजे बाहेरचा पारा ज्या वेळी तळाला जाऊ लागतो, साधारण त्याच वेळी अंगातली ऊबही कमी झालेली असते. म्हणून तर रात्री अकराला पंखा लावून झोपणारा माणूस पहाटे पाचला पाय पोटाशी घेऊन पडलेला दिसतो. पेडण्याकडे दशावतारी नाटकाला रात्र काढलेल्यांना हे पाठ आहे. (आमच्या सौ.चे माहेर त्याच तालुक्यातले, त्यामुळे आम्हाला ती सवय लग्नानंतर लागली.) गणपती-रिद्धीसिद्धी येतात तेव्हा चादर मांडीवर असते, मध्यरात्री ती खांद्यावर येते आणि राक्षस मरायच्या वेळेला अख्खे मांड चादरीत डोके खुपसून बसलेले असते. पौषात धालो खेळणाऱ्या बायकाही खेळताना घामाघूम होतात आणि घरी परतताना पदर लपेटून घेतात.

तेव्हा आपली थंडी ही रात्रभराची थंडी नाही, ती पहाटे तीन ते साडेसहाची थंडी आहे. तिच्यासाठी एक जाड पांघरूण घेतले की पहिले चार तास घामाचे आणि नंतरचे तीन तास उघडे पडून कुडकुडण्याचे. त्यापेक्षा दोन पातळ पांघरुणे बरी. एक झोपताना अंगावर, दुसरे पायथ्याशी घडी करून, पहाटे अर्धवट झोपेत एका हाताने ओढून घेता येईल असे. आमचे सगळे संशोधन, म्हणाल तर, एवढेच आहे. पुढचे सगळे खरेदीच्या तपशिलाचे.

दुकानात गेल्यावर नावांचा गोंधळ होतो, म्हणून थोडे स्पष्ट करतो. रजई किंवा दुलई म्हणजे दोन कापडांमध्ये कापूस भरून टाके घातलेली. कम्फर्टर म्हणजे बहुतेक वेळा तेच, पण आत पॉलिएस्टरचा तंतू. ड्युवे हा विलायती प्रकार. तो नुसता कधी वापरत नाहीत, उशीला अभ्रा घालतात तशी त्याला खोळ घालतात आणि धुवायची वेळ आली की बहुधा खोळच धुतात. महागड्या ड्युवेत बदकाची किंवा हंसाची पिसे असतात. ज्या घरात हे चालणार नाही त्यांनी 'डाउन' हा शब्द पाहून घ्यावा. दोहर म्हणजे मलमलीचे किंवा तसल्या पातळ सुती कापडाचे दोन-तीन पदर एकत्र शिवलेले, आत भरणी नसलेले पांघरूण. आणि गोधडी, जिला कोणी वाकळ म्हणतात, ती काय ते सांगायला नकोच.

पांघरूण ऊब तयार करत नाही. ऊब आपल्या अंगाची. पांघरूण फक्त तंतूंच्या मध्ये हवा अडवून धरते आणि ती हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. वजन म्हणजे ऊब नव्हे, हे आम्हाला साठीनंतर कळले. विलायतेत यासाठी टॉग नावाचे माप आहे. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने ते १९४० च्या दशकात काढले. तिथे उन्हाळ्याचा ड्युवे साधारण ४.५ टॉगपर्यंत आणि कडक हिवाळ्याचा १३.५ टॉगचा असतो. परदेशातली मुले प्रेमाने आई-वडिलांसाठी ड्युवे आणतात तो बहुधा तिथल्या हिवाळ्याचा असतो. कोणी आणणार असेल तर आधीच सांगून ठेवा: साडेचार किंवा त्याखालचा. आपला जानेवारी म्हणजे त्यांचा उन्हाळा.

आपल्या बाजारात टॉग छापत नाहीत, जीएसएम छापतात. म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. आम्ही हिशेब करून पाहिला. डबलचे माप ९० बाय १०० इंच, म्हणजे सुमारे ५.८ चौरस मीटर. ४०० जीएसएम म्हणजे नुसती भरणी २.३ किलो, वर कापडाचे वजन वेगळे. १२० जीएसएमचा सिंगल, ६० बाय ९० इंचांचा, घेतला तर भरणी ४२० ग्रॅमच्या आत. ८६ वर्षांच्या हातांना यातला कुठला पेलेल, हे आम्ही पैसे भरण्यापूर्वी काढायला हवे होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे कर्जाचे हप्ते काढून दिले आणि घरचे साधे गणित राहून गेले. आमच्या अनुभवाने फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना नुसता दोहर पुरतो. एसी लावत असाल तरी तेच, कारण २४-२५ अंशांवर एसी आणि वर दोहर एवढ्यात झोप छान लागते. एसी १८ वर ठेवून वर जाड रजई घेणारेही आमच्या ओळखीत आहेत. वीजबिल त्यांचे, आम्ही काय बोलणार. कौलारू घरात दोहर आणि जोडीला १०० ते १५० जीएसएमचे काही पुरे. जीएसएम भरणीचे आहे की सगळे मिळून, हे मात्र विचारून घ्यावे. विकणारे दोन्ही तऱ्हा वापरतात.

आता कापूस की पॉलिएस्टर. इथे आम्ही एकदा तोंडघशी पडलो आहोत. नोकरीत असताना आमची तीन वर्षे नाशिकला बदली झाली होती. तिथे हिवाळ्यात पारा दहाच्याही खाली जातो आणि हवा कोरडी असते. तिथल्या पिंजाऱ्याकडून तीन किलो कापसाची रजई भरून घेतली होती. तिच्यात झोपणे म्हणजे सुख होते. बदली संपून गोव्यात परतलो, रजई बरोबर आली आणि पहिल्याच पावसाळ्यात तिला असा कुबट वास धरला की चार दिवस ऊन दाखवूनही गेला नाही. शेवटी आतल्या कापसावर बुरशीचे काळे ठिपके निघाले.

त्याचे कारण कापसाच्या गुणातच आहे. सर्वसाधारण हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवतो, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून अंगाला लागणारे कापड सुतीच हवे. ते घाम टिपते. पॉलिएस्टरचे अस्तर घाम टिपत नाही, तो कातडीवरच राहतो, आणि आपल्या दमट हवेत तो वाळतही नाही. आईची तक्रार हीच होती. उलट, पांघरुणाच्या पोटातला जाड कापूस ओला झाला की आपल्याकडे लवकर सुकत नाही आणि तो पाण्यात धुताही येत नाही, गोळे होतात. तेव्हा आमचे मत असे बनले आहे: पातळ असेल तर सगळे सुती, भरणी हवीच असेल तर भरणी पॉलिएस्टरची आणि वरचे-खालचे कापड सुती. जाड कापसाची रजई नाशिकला, नागपूरला, दिल्लीला शोभते. गोव्यात ती सांभाळणे म्हणजे एक वेगळे दुखणे.

पुडीवर 'मायक्रोफायबर' लिहिलेले असेल तर ते पॉलिएस्टरच समजावे. 'कॉटन फील', 'कॉटन टच' हे शब्द कापसाबद्दल काहीच सांगत नाहीत. शंका आली तर शिवणीतला नव्हे, कापडातलाच एक धागा काढून अंगणात चिमट्यात धरून जाळावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळतो आणि कडक गोळी बनते. भरणीच्या पांघरुणाचे टाकेही पाहावेत. चौकोन मोठे असले तर वर्षभरात भरणी कोपऱ्यात जमते आणि मध्ये नुसते कापड उरते. दुकानात पांघरूण उजेडासमोर धरले की कुठे दाट, कुठे विरळ ते लगेच दिसते. डिचोलीच्या बुधवारच्या आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे करता येते, फोनच्या पडद्यावर येत नाही. आम्ही आता पांघरूण हातात घेतल्याशिवाय घेत नाही.

दोघांत एक डबल घ्यावे की दोन सिंगल, हा प्रश्न नाजूक आहे. आमच्यात एकाला उकडते आणि दुसऱ्याला त्याच वेळी थंडी वाजते (कोणाला काय ते सांगत नाही). जर्मनीत नवरा-बायकोंची पांघरुणे सर्रास वेगळी असतात असे ऐकले तेव्हा आम्हाला हसू आले होते. गेल्या वर्षापासून आमची दोन सिंगल आहेत आणि भांडणाचे एक कारण कमी झाले.

गोधडीबद्दल थोडे जास्त लिहितो. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली ती चीज. तिच्यात भरणी नाही, हवा अडते ती पदरांच्या मध्ये. जुन्या कापडात खळ उरलेली नसते, म्हणून ते अंगाला टोचत नाही. आपल्या सीमेपलीकडे कारवार जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या रानांत राहणाऱ्या सिद्दी बायका अशाच गोधड्या शिवतात, त्यांना कवंदी म्हणतात. त्या समाजाचे कितीतरी पूर्वज पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेले आणि इथून रानात पळालेले होते असे सांगतात. त्यांच्या गोधड्यांचे रंग पाहून आपल्या घरच्या गोधड्या फिक्या वाटतात, हे कबूल करावे लागेल.

पण आठवणींच्या नादात एक विसरू नये. आजीची सहा-सात पदरांची वाकळ जड होती आणि धुतली तर दोन दिवस वाळत नसे. म्हणून ती धूतच नसत, हेही खरे. आम्ही आईच्याच तीन सुती साड्या काढल्या आणि गावातल्या एका शिवणाऱ्या बाईंकडून तीनच पदरांची गोधडी करून घेतली. माप आईच्या खाटेचे. बाजूने वीतभराहून जास्त लोंबणार नाही, आणि पायाकडे गादीखाली खोचता येईल एवढी. कडेला लाल पट्टी लावली, कारण तिला अंधुक उजेडात पांघरुणाची कड दिसत नाही. खाटेजवळ हात पोचेल असे दिव्याचे बटण केले. घरात वृद्ध असतील तर पांघरुणाच्या उबेपेक्षा त्याचे वजन आणि लांबी आधी पाहावी, हे आम्ही पदराला खार लावून शिकलो आहोत.

तान्ह्या बाळांचे वेगळे. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ रजई, गोधडी, उशी असे सैल काहीच ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. तोंडावर गेले तर बाळाला बाजूला करता येत नाही. त्याला अंगभर कपडे घालावेत. बारशाला दुपटी-गोधड्या ढिगाने येतात, त्या खाली अंथरायला घट्ट खोचून किंवा जागेपणी वापराव्यात. ज्यांना दमा किंवा सकाळच्या शिंकांचा त्रास आहे त्यांनी महिन्यातून एकदा तरी धुता येईल असेच पांघरूण घ्यावे. अंथरूण-पांघरुणातले धुळीतले बारीक किडे दमट हवेत वाढतात आणि ६० अंशांच्या गरम पाण्यात मरतात. कापड ते पाणी सोसते का, हे खूणचिठ्ठीवर पाहून घ्यावे. घरच्या मशीनमध्ये डबल कम्फर्टर घालताना तो आत सैल फिरतो का तेही बघावे. कोंबून घातला तर नीट धुतला जात नाही आणि मशीनही थरथरते.

आता पावसाळा. आपल्याकडे पांघरूण थंडीत खराब होत नाही, ते जून ते सप्टेंबरमध्ये खराब होते. आमची पद्धत अशी. मेच्या पहिल्या पंधरवड्यात, वळवाच्या सरी यायच्या आत, सगळे धुवायचे. दोन-तीन दिवस कडक उन्हात उलटसुलट वाळवायचे. संध्याकाळी काढून लगेच घडी घालायची नाही. तासभर घरात पसरून थंड होऊ द्यायचे. गरम कापड बंद पेटीत घातले की आत दमट हवा कोंडते आणि तिथेच वास सुरू होतो. नंतर जुन्या सुती चादरीत गुंडाळून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून, पत्र्याच्या पेटीत किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात. भिंतीला चिकटून नको, चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते. विकत आणताना मिळालेली प्लास्टिकची पिशवी दिसायला छान, पण त्यात चार महिने ठेवू नये. डांबरगोळ्या आम्ही बंद केल्या. वास जात नाही, आणि काही तान्ह्या बाळांना त्या वासाने रक्ताचा गंभीर त्रास होऊ शकतो. श्रावणात चांगले ऊन पडले की एकदा पेटी उघडून सगळे बाहेर काढायचे.

त्या साडेतीन हजारांच्या कम्फर्टरचे काय झाले, असे विचाराल. आईने तो जेमतेम ४० रात्री वापरला, म्हणजे रात्रीला साडेसत्त्याऐंशी रुपये पडले. आता तो पुण्याला भाच्याकडे आहे आणि तिथल्या डिसेंबरात तो त्याच्यावर बेहद्द खूश आहे. आईच्या खाटेवर मलमलीचा दोहर असतो आणि पायथ्याशी ती लाल कडेची गोधडी. पहाटे आम्ही उठून पाहतो तेव्हा ती तिने स्वतःच गळ्यापर्यंत ओढून घेतलेली असते. वरची साडी कुठल्या कार्याला घेतलेली, हे ती दर खेपेला नव्याने सांगते, आणि मे उजाडला की पेटी उन्हात काढायची आठवणही तीच करते.